खुर्चीतले गृहस्थ

टक्.

दुपारच्या सामसुमीत वेताची एक पात तुटली. एवढासाच आवाज, पण घरभर ऐकू गेला. फरशीवर पालथी पडून चित्र रंगवणाऱ्या अंतरानं मान वर केली. पाच वर्षांची आहे ती. गॅलरीच्या दाराशी ठेवलेल्या माझ्याकडे तिनं थोडा वेळ पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "आई, खुर्चीतले काका उठले."

आत तिची आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागाची, दोन हातांची, वेतानं विणलेली. माझ्यावर कुणी काका बसलेले नव्हते. मी लाकूड आहे, भुताखेतांतलं मला काही कळत नाही. पण अंतराला खोटं म्हणायलाही माझं मन होत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म केदारखेड्याचा. तिथल्या माऊली सुतारानं कुणाच्या तरी चौकटीतून उरलेला साग जपून ठेवला होता, त्यातून मी झाले. माझे हात त्यानं इतके घासले, इतके घासले, की त्याच्या बायकोनं विचारलं, "खुर्ची करून राह्यले का लेक सजवून राह्यले?" बैठक तिनंच विणली. ओला वेत दातांत धरून ती ताण द्यायची. माझ्या अंगाला पहिला ओलावा लागला तो तिच्या तोंडाचा.

भोकरदनच्या बाजारातून मला चांदमल सेठनी जुन्या जालन्यातल्या आपल्या कापडाच्या दुकानात आणलं. दुकानात सगळे पांढऱ्या गादीवर बसत. मी होते ती गुडघे धरलेल्या गिऱ्हाइकांसाठी. लग्नाचा बस्ता बांधायला गाड्या भरून माणसं येत, आणि त्यांतली सगळ्यांत मानाची, सगळ्यांत कटकटी म्हातारी माझ्यावर बसे. "हा रंग नको, तो काढ," म्हणत माझ्या हातावर थापा मारी. कुणाच्या मांडीवर बाळ असे, ते वेतात बोटं घाली. मित्रांनो, खुर्चीला याहून काय हवं असतं? दिवसभर मी ऊबदार असायची.

मग एक दिवस दुकानाच्या वरची खोली गंधालीनं भाड्यानं घेतली.

गंधाली म्हणजे अंतराची आई. तेव्हा अंतरा नव्हती, नवं लग्न होतं आणि बँकेतली नोकरी सोडून लोकांना पैशाचा सल्ला द्यायचं तिनं ठरवलं होतं. कमाई कशी राखावी, कुठे गुंतवावी, दवाखान्याची सोय आधीच कशी करावी, विमा किती असावा, असं सगळं. तिच्याकडे एक टेबल होतं, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एक स्कूटी होती. चांदमल सेठच्या बायकोनं, भगवतीदेवींनी, वर येऊन खोली पाहिली आणि गड्याला हाक मारली. "खालची वेताची खुर्ची वर आण रे. ऑफिस म्हणायचं आणि एक धड खुर्ची नाही." अशी मी वर आले.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. गंधाली घरोघर जाई. सगळं नीट समजावून सांगे आणि शेवटी एका वाक्याशी येऊन अडे: "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर..." तिथे सगळं संपे. बायका देवघराकडे बघत, पुरुष घड्याळाकडे. एका आडत्यानं तर चहाचा कप तिच्या हातातून परत घेतला. "शुभ बोल रे नाऱ्या," तो म्हणाला, "तर तुमी पार मांडवालाच आग लावून राह्यल्या." संध्याकाळी परत येऊन ती माझ्या शेजारी बसे आणि नवऱ्याला, अवधूतला, फोन करून सांगे, "आजही न्हाई झालं." तो काहीतरी गमतीचं बोलत असावा, कारण ती रडता रडता हसायची.

माझं आयुष्य बदललं ते चांदमल सेठमुळे. भाडं मागायला म्हणून ते वर आले होते. भाडं घेतल्यावर म्हणाले, "बेटा, तू लोकांना सांगती काय, ते एकदा मला तर सांग." गंधालीनं सांगायला सुरुवात केली. आणि त्या वाक्यापाशी आल्यावर समोरच्या भल्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून तिची जीभ उचलेना. तिची नजर भरकटली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी रिकामी होते.

"समजा काकाजी," ती हळूच म्हणाली, "या खुर्चीत एक गृहस्थ बसले आहेत. दुकान आहे, बायको आहे, मुलगा शिकतोय. हे गृहस्थ उद्या नाहीत."

सेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "दुकान कोण उघडतं मंग?"

"कुणी नाही."

"मुलाची फी?"

"तशीच राहिली."

"आन् यानं काहीच सोय नाही केली?"

"नाही केली काकाजी."

"बेवकूफ आदमी आहे," सेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. खरोखर रागावले होते. "त्याच्यासाठी काय करायला पाहिजे होतं, ते बराबर लिही." गंधालीनं लिहिलं. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

त्या दिवसापासून गंधालीनं माझ्यावर कुणाला बसू दिलं नाही. टेबलाच्या समोर पलीकडच्या बाजूला, जिथे सगळ्यांना दिसेन, तिथे मला ठेवलं. ज्याच्या त्याच्या तोंडावर मरणाचं नाव न घेता तिनं ते माझ्यावर ठेवलं. आणि मित्रांनो, माणसं ऐकू लागली. स्वतःसाठी जे ऐकवत नव्हतं, ते खुर्चीतल्या गृहस्थांसाठी लक्ष देऊन ऐकत. त्यांची कीव करत, त्यांना शिव्या देत, त्यांच्या बायकोची काळजी करत. बाहेर पडताना थट्टा करत, "ताई, तुमच्या सेठला चहा नाही पाजला आज?"

काम वाढत गेलं. आष्टीहून, भोकरदनकडून माणसं येऊ लागली. शेजारची खोली घेतली, दारावर पाटी लागली, तृप्ती नावाची हुशार मुलगी मदतीला आली. लोक यायचे ते केवळ माझ्यामुळे नाही, हेही सांगितलं पाहिजे. गंधाली फोन उचलायची. ज्यात तिला जास्त मिळे, पण गिऱ्हाइकाला कमी, ते ती विकायची नाही. टाळेबंदीत बाजार कोसळला तेव्हा जो तो ओरडत होता, ताई, सगळं काढून द्या. अंतरा तेव्हा तान्ही होती. तिला खांद्यावर थोपटत गंधाली एकेकाला सांगायची, "काढायचं नाही. एक पाऊस दगा देऊन गेला म्हणून कुणी विहीर बुजवतं का?" ज्यांनी ऐकलं, ते नंतर पेढे घेऊन आले. संभाजीनगरला एका समारंभात तिला ढाल मिळाली. परत आल्यावर तिनं ती ढाल क्षणभर माझ्या बैठकीवर टेकवली आणि फोटो काढला.

पण मी गार होत चालले होते.

माझ्यावर कुणी बसतच नव्हतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना सुद्धा माणसाची ऊब मिळे. माझ्यावर मात्र दिवसाकाठी दोन-तीन गृहस्थ बसवले जात आणि मरून जात. तिन्हीसांजेला शटर खाली आलं की मला वजन जाणवायचं. कधी हलकं, खोकणारं. कधी जड, एसटीच्या धुळीचं. आष्टीचे रामकिसन गुरुजी खरंच वारले, तेव्हा त्यांची बायको विमल मुलीला घेऊन आली होती. काम झालं, मुलीच्या नर्सिंगची फी भरायची सोय झाली होती. निघताना विमलनं माझ्या हातावर हात ठेवला. "हितंच बसले होते ना ते?" गंधालीनं नाही म्हटलं नाही. विमलनं पदराच्या टोकानं माझी बैठक पुसली, जसं कुणी उठून गेल्यावर पुसतात.

म्हणूनच मला वाटतं, अंतरा म्हणते ते काका खोटे नसतील.

आता जिनेंद्रबद्दल सांगते. चांदमल सेठचा हा मुलगा. मी दुकानात होते तेव्हा माझ्या पाठीवर लोंबकळायचा. सेठ अंथरुणाला खिळले होते, आता दुकान तोच बघत होता. लग्न झालं होतं, बायको पलक, आणि प्रेक्षा नावाची एक मुलगी. एका सकाळी विमा काढायला तो पलकला घेऊन वर आला आणि आल्या आल्या माझ्यावर बसला.

मित्रांनो, किती वर्षांनी. जिवंत माणसाचं वजन. वेत करकरला, माझे सांधे मोकळे झाले. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला.

"जितूभाऊ, तिथून उठा," गंधाली म्हणाली.

"का? तुमच्या सेठला म्हणा, थोडं सरका. आज मी बसून राह्यलो." तृप्ती हसली, पलकही हसली. "खुर्ची बसायसाठीच असती ना ताई?"

तेवढ्यात गंधालीचा फोन वाजला. बालवाडीतून होता, अंतराला ताप आला होता, लवकर घ्यायला या. फोन ठेवून ती भराभरा कागद पुढे करू लागली. मन पोरीकडे, डोळे कागदावर. आणि रोजच्या सवयीनं ती बोलून गेली, "समजा, या खुर्चीतले गृहस्थ उद्या नाहीत..."

वर बघितलं तर खुर्चीत जिनेंद्र होता.

तिचा चेहरा पांढरा पडला. जिनेंद्र मात्र खो खो हसत सुटला. "बोला, बोला. थांबू नका. आम्ही कापडवाले लोक आहोत. कैची एकदा चालली की मधे थांबवायची नाही, कापड वाकडं फाटतं."

म्हणून तिनं ते वाक्य पुरं केलं. त्याच्या तोंडावर. त्यानं सह्या केल्या, तपासण्या करून घेतल्या, सगळं वेळेवर झालं.

दिवाळीनंतर आष्टीहून वसुली करून येताना त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता.

बारावं-तेरावं झाल्यावर भगवतीदेवी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही खुर्ची मी दिली होती. मला कुठं माहीत, माझ्याच लेकासाठी देऊन राह्यले."

"काकीजी," गंधाली पुढे झाली.

"तू तोंडावर म्हटलं. सुनबाईनं सांगितलं मला." त्यांनी हात जोडले. "तो पैसा आमच्या घरी पाठवू नको. माझ्या पोराच्या बदल्यात आलेला पैसा मला पोरीच्या पोटात नाही घालायचा."

पलकनं सासूसमोर मान खाली घातली. जिनेंद्रनं मुलीसाठी जे करून ठेवलं होतं ते तसंच पडून राहिलं, कारण मागायला कुणी पुढे होईना. आणि बाजारात बातमी पसरली. पेठेतले लोक आता वर येत नसत. ड्रायव्हरकडून निरोप येई, "नंतर बघू." कुणी भेटलं तर जिन्याखालीच बोले, माझ्याकडे बघायला नको म्हणून. तृप्ती गंधालीला म्हणाली, "ताई, ट्रॉलीला दिवा नव्हता, तुम्ही काय करणार?" गंधाली म्हणाली, "हो." पण त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून निघालंच नाही. दवाखान्याचा विमा, मुलांची बचत, एवढंच ती सांगे. खरं जे सांगायचं ते गिळून टाकी. एक माणूस तसाच न ऐकता परत गेला की ती खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना बघत राही.

मग एका संध्याकाळी तिनं मला रिक्षात घालून घरी आणलं. अवधूत म्हणाला, "भंगारात देऊन टाकू या?" ती म्हणाली, "नको. हिच्यात लोक आहेत." तो हसला नाही. गॅलरीतलं ऊन लागतं, माझा वेत सुकत चालला आहे. आज तुटलेली ती काही पहिली पात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात मोठी माणसं एखादी गोष्ट तुम्ही आलात की मधेच थांबवत असतील. ती तुमच्यावर माया असते म्हणून थांबवतात. त्यांच्यावर रागावू नका. पण एवढं करा, घरातली कुठलीही खुर्ची कुणासाठी रिकामी राखू नका. तिच्यावर बसा, पाय हलवा, पुस्तक वाचा, बिस्किटाचा चुरा सांडा. वर्षातून एकदा वेताला पाणी दाखवा. लाकूड म्हाताऱ्या माणसासारखं असतं, हात लागला की जगतं.

हे मी सांगते आहे तोच दाराची कडी वाजली. गंधालीनं कपड्यांची घडी तशीच टाकून दार उघडलं. पलक होती. हात धरून प्रेक्षा. प्रेक्षा अंतराच्याच वयाची, केसांना दोन रबरं. ती लगेच अंतराजवळ जाऊन रंग बघू लागली.

पलक उभीच राहिली. पिशवीतून तिनं कागद काढले. "सही केली मी ताई. प्रेक्षाच्या पप्पांनी जे केलं होतं त्याच्यावर."

"काकीजींना...?"

"मम्मीजींना सांगून आले. त्या खाली रिक्षात बसल्या आहेत. वर नाही आल्या." कागद पुढे करत ती म्हणाली, "पण सोबत आल्या."

गंधालीनं कागद दोन्ही हातांनी घेतले. "उद्याच पाठवते," ती म्हणाली, आणि पाणी आणायला वळली.

"पाणी नको. दुसरं काम आहे." पलकची नजर माझ्यावर होती. "आता माझं करा. प्रेक्षाला आता मी एकटीच. मी नसले तर तिचं कोणी बघायचं, किती लागेल, सगळं लिहून ठेवायचं आहे."

"करते ना. तृप्तीला सांगून कागद..."

"तसं नाही. तुम्ही म्हणता तसं म्हणा."

गंधालीनं कागद छातीशी धरले. "पलक, ते मी आता म्हणत नाही."

"का?"

"मी रिकाम्या खुर्चीला म्हणत होते. कुणाला लागू नये म्हणून."

"रिकामी कधी होती ताई?" पलक शांतपणे म्हणाली. "प्रत्येक जण आपल्यालाच बघत होता तिच्यात. यांनी तेवढं कबूल केलं. हसत बसले, पण कबूल केलं. म्हणून आज माझ्या पोरीची फी आहे." एवढं बोलून ती आली आणि माझ्यावर बसली. सावकाश, दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून. वेताच्या आणखी दोन पाती तुटल्या, पण मी तिला धरलं. तिचे तळवे घामेजलेले होते.

"म्हणा ताई. तुम्ही नाही म्हटलं तर ज्यांचं राहून जाईल, त्यांचं कुणी म्हणायचं?"

गंधाली समोरच्या पाटावर बसली. तिनं पलककडे पाहिलं, डोळ्यांत. कागदाकडे नाही, माझ्याकडे नाही. दोन आयांच्या मधे गॅलरीतलं ऊन पडलं होतं.

"समजा," ती म्हणाली, "या खुर्चीतली बाई उद्या नाही. तिची एक मुलगी आहे..."

रंगखडूंचा आवाज थांबला होता, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. प्रेक्षा उठून आली. माझ्या हाताला, आईच्या हाताशेजारी, तिनं आपला रंगानं भरलेला हात लावला. आईकडे बघितलं, मग गंधालीकडे.

"आंटी," तिनं विचारलं, "माझ्या पप्पांसाठी पण तुम्हीच असं म्हणलं होतं का?"